फाटकाजवळची चटई

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शाळा समितीचे प्रमुख आदरणीय सेम्पिजा सेबो. व्यासपीठावर विराजमान झालेले रेव्हरंड. आरोग्य केंद्राच्या सिस्टर. सोमवारपासून माझ्या खुर्चीत बसणाऱ्या टीचर बेटी. टेकडी चढून आलेल्या आयांनो, बापांनो, आज्यांनो, आजोबांनो. आणि मंडपामागे मातोकेच्या, शिजत्या केळ्यांच्या, टोपांवरची पानं उचलून वास घेत फिरणारी माझी बाळं! तुम्हा सर्वांना या दीना नाकायिझाचा गुडघे टेकून नमस्कार. गुडघे मनातल्या मनात टेकलेत, बरं का. खरोखर टेकले तर उठवायला समिती बोलवावी लागेल, आणि समितीची बैठक कधी वेळेवर भरलेली मला आठवत नाही.

हसलात, बरं वाटलं. कारण पुढचं बोलणं थोडं खडखडीत आहे.

आधी आभार. माझ्याबद्दल इथे इतकं गोड बोललं गेलं की मी दोनदा मागे वळून पाहिलं, दुसरी कोणी दीना येऊन उभी तर नाही ना म्हणून. अध्यक्षांनी मला शाल दिली, साखरेचं पोतं दिलं, कोंबडी दिली. ती कोंबडी माझ्या खुर्चीखाली बसून सगळी भाषणं ऐकते आहे, इतकं शांत मूल मला वर्गात कधी मिळालं नाही. आणि शेवटी या चकचकीत डब्यात नवा कोरा फोन दिला. मोठ्या मनानं दिलाय, मोठ्या मनानं घेते. माझी बहीण मसाक्याला असते, आता तिचा चेहरा रोज दिसेल. फोनशी माझं भांडण नाही, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर उद्या बाजारात बोंब उठेल, म्हातारीनं भेट परत फेकली.

पण फोन देता देता अध्यक्ष महोदय एक वाक्य बोलून गेले. तुम्ही टाळ्या वाजवल्यात म्हणून तुमच्या ध्यानात आलं नसेल. ते म्हणाले, "फाटकाजवळची ती जुनी पद्धतही टीचर दीनांबरोबर सन्मानानं निवृत्त होईल. पुढच्या सत्रापासून मुलांचे फोटो दिवसभर पालकांच्या फोनवर येतील, आणि फाटकावरचा खोळंबा थांबेल."

सेबो, साहेब, शाल घेतली, कोंबडी घेतली. हे मात्र मी घेणार नाही.

नव्या लोकांना सांगते, कसली पद्धत ते. आपल्या फाटकाला एक टोपली टांगलेली आहे, केळीच्या सोपाची, माझ्या आईनं विणलेली. शाळा सुटताना न्यायला येणाऱ्यानं फोन टोपलीत ठेवायचा. आत चटई आहे, तिच्यावर बसायचं. मूल समोर येतं, बसतं, आणि दोघांनी पुरा नमस्कार करायचा, मोठी माणसं एकमेकांना करतात तसा. दिवस कसा गेला, कष्ट घेतलेत त्याबद्दल शाबास, घरचे कसे आहेत, ऊन होतं का, आणि मग आपलं ते शेवटचं, म्म, एऽ, म्म. झालं की फोन घ्या आणि चालू लागा. एवढीच ती जुनी पद्धत. हिच्यामुळे खोळंबा होतो म्हणे! रताळी विकणारीला भाव विचारण्याआधी तुम्ही तिच्या सासूपर्यंत सगळ्यांची विचारपूस करता. तेव्हा कुठे जातो हो तुमचा खोळंबा?

ही पद्धत काही माझ्या आज्यापणज्यांनी सुरू केली नाही. ती नासोलोपासून सुरू झाली. आणि नासोलोची गोष्ट सांगितल्याशिवाय मी हा माईक सोडणार नाही, सूत्रसंचालकांनी कितीही घड्याळ दाखवलं तरी. दाखवा, दाखवा. मला चष्म्याशिवाय दिसत नाही.

नासोलोची आई प्रॉसी इथेच बसली आहे, तिसऱ्या रांगेत, निळ्या गोमेसीच्या झग्यात. सकाळीच तिला विचारलं, "प्रॉसी, सांगू का गं तुमची गोष्ट?" ती म्हणाली, "नाव घेऊन सांगा, टीचर. नाव न घेता सांगितलीत तर सगळ्या जणी शेजारणीकडं बघत बसतील." अशी ही धीट बाई. म्हणून नाव घेते.

नासोलो आमच्याकडे आली तेव्हा तिला तिसरं वर्ष लागलं होतं. गुटगुटीत, स्वच्छ, केसांना तेल. पण बोलत नव्हती. एक शब्द नाही. फक्त "म्म". नाव विचारलं, म्म. पेज हवी का, म्म. पडली, गुडघा फुटला, मी धावले, "दुखतंय का माझ्या राणीला?" म्म. आणि हे सगळं खाली मान घालून. तिची आजी तिला सोडायला यायची, तिला केवढा अभिमान! "बघा टीचर, एवढीशी आहे पण मोठ्या बाईसारखा हुंकार देते. आजकालच्या पोरांना कुठं असं वळण?"

मला ते वळण काही रुचलं नाही. आधी वाटलं, कानात दोष असेल. सिस्टर, तुम्हीच तिला कंपालाच्या मोठ्या इस्पितळात पाठवलंत. कान ठणठणीत निघाले. मुकाट मूल दिसलं की लगेच आईला बोल लावायचा नाही, आधी कान तपासायचे, हे तेव्हा तुम्ही मला बजावलंत आणि मी आजही सगळ्यांना तेच सांगते. शंभर कारणं असतात. पण कान चांगले निघाल्यावर घरचे जास्तच घाबरले. नासोलोला दूरच्या खास मुलांच्या शाळेत ठेवायचं, तिथेच राहील, असं ठरायला आलं होतं. तीन वर्षांचंही नाही ते लेकरू, आईपासून दूर! प्रॉसी रडून रडून अर्धी झाली होती.

मला एकच गोष्ट टोचत होती. लहान मुलाला खडा सापडला, किडा सापडला, तर ते काय करतं? उचलतं आणि धावत येतं. "हे बघ!" तुम्ही नाही बघितलंत तर तुमची हनुवटी धरून तुमचं तोंड वळवतं. माझा जन्म गेला त्या चिकट हातांनी हनुवटी धरून घेण्यात. नासोलोला खडा सापडायचा, ती तो बघायची, आणि खाली ठेवायची. कुणाकडे आणायची नाही. दाखवायला कुणी आहे, हेच जणू तिला ठाऊक नव्हतं. ठरवलं, हिला मी कुठेही जाऊ देणार नाही, आधी घर बघते.

शनिवारी गेले त्यांच्याकडे. प्रॉसी गोमेसीचं कापड विकते. तिचं दुकान फोनवर आहे. फोटो टाकायचा, गिऱ्हाईक विचारतं, ही उत्तर देते, बोडावाला मोटरसायकलवर माल घेऊन जातो. नवरा ट्रकवर, महिना महिना बाहेर. त्या फोनवर घर चालतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण काही पुरुषमंडळी आत्ता मान डोलावत होती, "बायका नुसत्या फोनवर असतात" म्हणून. तुम्ही काल फुटबॉलचा सामना बघताना पोराला मांडीवर उलटं धरलं होतं, ते मला तुमच्या बायकोनं सांगितलंय. नाव घेऊ का? नको? बरं.

तर मी बसले. प्रॉसी चहा ठेवते आहे, फोन हातात. नासोलो चटईवर. तिनं बाटलीचं झाकण आईच्या गुडघ्याशी नेलं. म्हणजे घरी अजून नेत होती! माझी आशा जागी झाली. प्रॉसी म्हणाली, "म्म." डोळे फोनवर. पोरीनं जरा वाट पाहिली, झाकण घेतलं, परत जागेवर. मग बाहुली आणली. "म्म." मग काही आणलंच नाही.

आता यात प्रॉसीचं चुकलं काय? तिला वाटत होतं ती उत्तर देते आहे! आपल्यात हुंकार म्हणजे मान. दोन वडीलधारी माणसं भेटली की शब्द संपल्यावर किती वेळ म्म, एऽ, म्म करत बसतात, त्यात केवढी माया असते. परक्या देशातली बाई गप्प बसली असती तर तिला निदान टोचलं असतं, की मी लेकराला उत्तर दिलं नाही. आपल्याला टोचत नाही. हुंकार दिला ना, झालं! पण हुंकार कधी येतो? आधी डोळ्यांत बघून दहा गोष्टी विचारल्यावर येतो. आम्ही पोरांना नुसतं शेपूट दिलं आणि म्हणालो, घ्या, ही गाय.

हे तिला समजावून सांगितलं असतं तर तिनं ऐकलं नसतं. कुणी ऐकतं का? मी एक वात्रटपणा केला. म्हटलं, "प्रॉसी, तुझ्या आईची तब्येत कशी आहे गं?" तिची आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. ती जवळ येऊन बसली, सांगू लागली. पाय सुजलेत, रात्रभर नाव घेऊन हाका मारते. मी माझा जुना बटणांचा फोन काढला, त्यात डोकं घातलं आणि म्हटलं, "म्म."

ती थांबली. पुन्हा सुरू झाली. "परवा तर तिनं मला ओळखलंच नाही, टीचर."

"म्म."

"टीचर, ऐकताय ना?"

"म्म."

"टीचर!" काय आवाज चढला तिचा! "माझी आई मरणाला टेकलीय आणि तुम्ही त्या डबड्यात काय बघताय? असं वागतात होय माणसाशी?"

मी फोन पदरात टाकला. म्हटलं, "नाही वागत. तू रागावलीस, बरं केलंस. तुला तोंड आहे, तू ओरडू शकतेस. तुझी लेक वर्षभर ओरडली असेल, मग तिनं सोडून दिलं."

आधी ती माझ्यावर भडकली. "तुम्हाला काय जातंय बोलायला! फोन बंद केला तर खायचं काय? तुमची पेज शाळेत शिजते!" मी म्हटलं, "बंद कर म्हणाले का मी? गिऱ्हाईक आलं की तू त्याला पुरा नमस्कार करतेस. पोटच्या पोरीला पण तेवढाच कर. आली की कर, गेली की कर. ती झाकण घेऊन आली की डोळे वर कर. गिऱ्हाईक तेवढ्यात पळून जात नाही." ती रडली. मी पण रडले, लाज कसली त्यात. चहा उतू गेला.

सोमवारी मी फाटकाला टोपली बांधली आणि चटई टाकली. एकट्या प्रॉसीला बसवलं असतं तर गावानं तिला फाडून खाल्लं असतं, म्हणून सगळ्यांनाच बसवलं. आठवतंय का तुमचा थयथयाट? "ही बालशाळा आहे की पोलीस चौकी?" "टीचरचं डोकं फिरलं." एका बाईनं जुना फोन टोपलीत टाकला आणि नवा गोमेसीच्या पट्ट्यात खोचला. तो नेमका नमस्काराच्या मध्येच तिच्या पोटावर वाजायला लागला. तिचा मुलगा म्हणाला, "आईच्या पोटात बाळ रडतंय." ती बाई आज पहिल्या रांगेत बसून सगळ्यात मोठ्यानं हसते आहे, बघा.

नासोलोचं काय झालं? लगेच काही झालं नाही. मला चमत्कार सांगता येत नाहीत, ते रेव्हरंडांचं काम. प्रॉसी रोज बसायची, विचारायची, "दिवस कसा गेला माझ्या बाईचा?" समोरून म्म. मान खाली. पाऊस आला, मका आला, मका संपला, तरी म्म. घरच्यांनी त्या दूरच्या शाळेची पिशवी भरून ठेवलेली. मी सांगितलं होतं, "पिशवी राहू द्या भरलेली, पोर मात्र इथेच राहील." रात्री मला झोप लागायची नाही. माझं चुकलं तर एका लेकराचं वर्ष वाया जाणार होतं.

मग एक दिवस प्रॉसी चटईवर बसली आणि नासोलो तिच्यासमोर आली. मुठीत काहीतरी होतं. प्रॉसीनं विचारलं, "दिवस कसा गेला?" पोरीनं मूठ उघडली. खडा. साधा, फाटकाबाहेरचा लाल खडा. आणि मान वर करून म्हणाली, "मम्मी, बघ."

प्रॉसीनं तो खडा असा बघितला की मी काय सांगू! उलटा केला, सुलटा केला, उन्हात धरला. आणि पोरगी तिची हनुवटी धरून बसलेली. त्या दिवशी खोळंबा झाला, सेबो. खूप झाला. फाटकाबाहेर बोडावाले भोंगे वाजवत होते आणि कुणी उठलं नाही.

आता तिला चौथं संपतंय. अजून तिचे शब्द कमी आहेत, बरोबरीची पोरं पुढे आहेत. खोटं सांगणार नाही. पण ती माणसाकडे येते. मागते, दाखवते, भांडते. ती पिशवी प्रॉसीनं कापड ठेवायला घेतली.

म्हणून अध्यक्ष महोदय, माझं म्हणणं ऐका. दिवसभर फोटो पाठवाल. आई बाजारात बसून पोराचा फोटो बघेल, म्हणेल, किती गोड! आणि संध्याकाळी ते गोड पोर समोर उभं राहील तेव्हा तिचे डोळे अजून फोनमधल्या फोटोतच असतील. आमच्या टीचर बेटीनं पोरांकडे बघायचं की फोटो काढायचे? ज्या फाटकावर आईबाप दिवसातून एकदा तरी वर बघतात, तिथेच आपण फोन हातात देणार? तुमचा हेतू चांगला आहे, मी जाणते. तुम्ही या शाळेला छप्पर घातलंत. पण ही चटई गुंडाळली तर पुढची नासोलो कुणाला दिसणार, तेवढं सांगा. मी उत्तराशिवाय इथून हलणार नाही.

अं? काय म्हणताय, सूत्रसंचालक? हो, हो. फुलं द्यायची राहिली. मुलांच्या वतीनं फुलं कोण देणार? आता आली का पंचाईत! नासोलोच देणार होती, मला माहीत नव्हतं, शप्पथ. ये गं, ये. घसरू नकोस. पायरी बघ.

फुलं मला नंतर दे, बाळा. आधी अध्यक्षांना नमस्कार कर, ते मोठे आहेत.

बसली बघा गुडघ्यावर. किती नीट बसली. माईक खाली करा जरा, तिचा आवाज बारीक आहे.

"जज्जा, दिवस कसा गेला?"

ऐकलंत? जज्जा म्हणाली त्यांना, आजोबा! मागच्यांनी ऐकलं का?

सेबो... अं... अध्यक्षांना काहीतरी महत्त्वाचं आलंय फोनवर. ते "म्म" म्हणाले. होतं असं. नासोलो, ऊठ आता, ये इकडे. उठत नाही ही. नको, प्रॉसी, तू जागेवर बस. कुणी उठवू नका तिला. मी पण गप्प बसते.

"जज्जा! दिवस कसा गेला?"

दुसऱ्यांदा विचारलं तिनं.

मंडळी, हे नीट बघा. जिनं एकदा विचारून सोडून दिलं होतं, ती दुसऱ्यांदा विचारते आहे, अख्ख्या गावासमोर, शाळा समितीच्या प्रमुखाला. मला हेच पाहायचं होतं. शाल नको, कोंबडी नको, हेच.

आणि आता बघा. सेबोंनी फोन टेबलावर पालथा ठेवला. खुर्ची पुढे घेतली. वाकले. "बरा गेला, बाई. तुझा कसा गेला? शाळेत राबलीस त्याबद्दल शाबास. घरी मम्मी कशी आहे? आजी कशी आहे?" पुरा, सगळा. म्म. एऽ. म्म. आता कशी उठली बघा, फ्रॉक झटकत!

अध्यक्ष महोदय, तुम्ही होकाराची मान हलवलीत, ती मी आणि या सगळ्यांनी पाहिली आहे. चटई राहणार. टीचर बेटी, हे तुम्ही ऐकलंत. रेव्हरंड, तुम्ही साक्षीदार.

दे बाळा, आता दे फुलं. किती सुंदर! ही कुठून तोडलीस? रेव्हरंडांच्या अंगणातली दिसतात. नंतर बोलू.

मंडळी, मला इतकी वर्षं तुमची मुलं सांभाळायला दिलीत, तुमचे उपकार मी विसरणार नाही. स्वयंपाकाच्या बायकांचे, झाडलोट करणाऱ्यांचे, फाटक उघडणाऱ्या दादांचे, सगळ्यांचे आभार. बोलता बोलता कुणाच्या वर्मी लागलं असेल तर म्हातारीची जीभ म्हणून पोटात घाला. जे खरं होतं ते मात्र परत घेत नाही. माझी नोकरी आज संपली. सोमवारी शाळा सुटायच्या वेळी मी टोपली घेऊन फाटकात उभी असेन, बिनपगारी, आणि पहिला फोन त्यात माझाच पडेल, हा नवाकोरा. दुसरा सेम्पिजा सेबोंचा. नातवाला न्यायला तेच येतात.